स्वतःची मजुरी धरली का? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की छंदातून धंदा करायचा असेल तर प्रश्न पाठवा, तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून ढीग झाला. जागा थोडी म्हणून चारच घेतलेत, आणि त्यातही पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण निम्म्या लोकांचं दुखणं फिरून फिरून तेच होतं.

प्रश्न : मी भडगाव तालुक्यातली. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायची मला आधीपासून आवड, सगळे नाव काढतात. आता दोन वर्षं ऑर्डर घेतेय. जाऊबाई आणि मी मिळून ५ किलो ज्वारीचा घाणा करतो. ज्वारी, तीळ, जिरं, लसूण, मिरची, दळण, गॅस, पिशव्या सगळं धरून ६२० रुपये लागतात, ४ किलो बिबडे निघतात, २२० रुपये किलोने जातात. म्हणजे घाण्यामागे २६० सुटतात. पण अखजी (अक्षय्य तृतीया) झाली की हातात काहीच दिसत नाही. पैसा जातो कुठे? आणि सुरतचे पाहुणे म्हणतात तिकडे पाठव, बिबडे पण आणि काळा मसाला पण, तर त्याला जीएसटी लागतो का?

उत्तर : ताई, पैसा कुठे जात नाहीये, तो आलेलाच नाहीये. तुमचा हिशोब चोख आहे, फक्त त्यात दोन माणसं गायब आहेत, तुम्ही आणि जाऊबाई. ज्वारी भिजवणं, आंबवणं, दळून आणणं हे सोडूनच द्या, नुसता घाण्याचा दिवस धरा. पहाटे पाचला ज्वारीच्या पिठाचा घाटा रटरटायला लागतो, तो गरम असतानाच हाताला पाणी लावून लावून ओल्या कापडावर थापायचा, ऊन चढायच्या आत सगळी कापडं खाटेवर पडली पाहिजेत, दुपारी कापडाला मागून पाणी मारून एकेक बिबडा न फाटता सोडवायचा, उलटायचा, आणि वर वारा सुटला की पळायचं. दोघींचे आठ-आठ तास आरामात जातात. २६० भागिले दोन, म्हणजे एकीला १३० रुपये. शेतात निंदायला गेलेल्या बाईला याच्यापेक्षा जास्त मिळतात हो, आणि तिला वरून भांडवल घालावं लागत नाही!

आता मजुरी धरून बघा. एकीची ३०० धरली तर ६२० अधिक ६००, झाले १२२०. भागिले ४ किलो, म्हणजे ३०५ रुपये किलो तर घरातच पडले. तुटफूट, फोन, आणणं-पोचवणं वेगळं. ३६० च्या खाली देऊच नका, मग घाण्यामागे वर २२० राहतील, त्यातून हा वरखर्च भागून उरतील ते खरे धंद्याचे, मजुरी तुमची तुम्हाला आधीच मिळालेली. तुटके असतील ते वेगळ्या पिशवीत घालून कमी भावात काढा, भाजून शेंगदाण्यासोबत खाणारे ते आनंदाने नेतात.

तुम्ही म्हणाल गावात ३६० ला कोण घेईल? बरोबर आहे, कोणी घेणार नाही, कारण गावात प्रत्येकीच्या घरी खाट आहे, ऊन आहे आणि सासू आहे. म्हणून भाव कमी करायचा नाही, गिऱ्हाईक बदलायचं. पुण्यात, नाशकात, सुरतेला फ्लॅटमध्ये राहणारी आपली खान्देशी माणसं हे तुमचं गिऱ्हाईक, त्यांना गच्ची नाही, वेळ नाही, आणि बिबड्याची आठवण मात्र आहे. होळीच्या आधीच ऑर्डरी लिहून घ्या, अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स, नात्यातल्यांकडून सुद्धा. नात्यातल्यांकडून तर नक्कीच, कारण उधारी तिथेच बुडते आणि मागता पण येत नाही.

जीएसटीचं असं आहे की पापड, मग तो कुठल्याही नावाने ओळखला जावो, करमाफ आहे. फक्त करमाफ मालच विकत असाल तर नोंदणीची गरज नाही, सुरतला पाठवला तरी. पण काळा मसाला करमाफ नाही, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकायचा म्हटलं की एरवी जी ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे ती चालत नाही, पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. म्हणजे बिबडे सुरतला बिनधास्त जाऊ द्या, मसाला सध्या महाराष्ट्रातच विका. तरी एकदा तालुक्याच्या सीएला दाखवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

खाण्याच्या मालाला लागते ती एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी मात्र धंदा घरगुती असला तरी लागतेच. लहान धंद्याची बेसिक नोंदणी ऑनलाइन होते, फी वर्षाला १०० रुपये. सायबर कॅफेवाला हजार-दीड हजार मागेल, त्याला भरण्याची मजुरी द्या, पण फी किती ते माहीत असू द्या. जो १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर टाकायचा, सोबत नाव-पत्ता, काय काय घातलंय, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि तक्रारीसाठी फोन नंबर. आणि लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी अगदी फुकट आहे, तिचे कोणी पैसे मागितले तर सरळ उठून या.

प्रश्न : चाळीसगावला एका खाजगी ऑफिसात नोकरी करतो, पगार १६ हजार. फोटोग्राफीचं वेड आहे, मित्रांचे प्री-वेडिंग पाटणादेवीला करून दिले, सगळ्यांना आवडले. आता ४ लाखांचं लोन काढून कॅमेरा, लेन्स, ड्रोन घ्यायचा आणि नोकरी सोडायची असं चाललंय. वडील नाही म्हणतायत. काय करू?

उत्तर : भाऊ, वडिलांना माझा नमस्कार सांग. ४ लाख तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी धरले तरी महिन्याला १३ हजारांच्या वर हप्ता बसतो. तुझा धंदा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणार आणि चातुर्मास लागला की झोपणार, त्यात अधिक महिना आला तर अजून एक महिना गेला. हप्ता काही चातुर्मास पाळत नाही.

मित्रांना आवडलं याला मार्केट म्हणत नाहीत, फुकटात सगळ्यांनाच आवडतं. एक सीझन नोकरी सांभाळून शनिवार-रविवार एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्यासोबत सेकंड कॅमेरा म्हणून जा. हळदीला अंधारात मांडवात लाइट कसा लावायचा, वरमाईला न दुखवता बाजूला कसं करायचं, नवरदेवाचा काका फोटोत येण्यासाठी तिसऱ्यांदा पुढे आला तर काय करायचं, हे यूट्यूबवर नाही शिकवत. कॅमेरा-लेन्स भाड्याने मिळतात, ज्या तारखेचं काम असेल त्या तारखेपुरतं भाडं पार्टीच्या पैशातून भागव. अनोळखी माणसांनी ठरलेले पूर्ण पैसे दिलेत अशा १०-१२ ऑर्डरी झाल्या की मग लोनचं बघ, आणि तेव्हा पण सरकारच्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज आहे तिथून सुरुवात कर, त्याला तारण लागत नाही. ड्रोन सगळ्यात शेवटी.

आणि पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते हे लक्षात ठेव. मित्राचे चार फोटो काढणं वेगळं आणि पैसे घेऊन लाइट-ड्रेस-गाडी घेऊन शूट करणं वेगळं, वनखात्याची परवानगी आधी काढ नाहीतर पार्टीसमोर मान खाली जाईल. जाता जाता, पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की विप्रो पण अमळनेरातच सुरू झाली. झाली ना, १९४५ ला, पण ती वनस्पती तुपाच्या कारखान्याने, कोणाच्या छंदाने नाही.

प्रश्न : जळगावला कॉलेजात आहे, मेंदी छान काढते. पण मैत्रिणी, त्यांच्या आत्या-मावश्या सगळ्या फुकट काढून मागतात, पैसे मागायची लाज वाटते.

उत्तर : बेटा, तोंडाने मागूच नकोस, स्टेटसला रेटकार्ड टाक. साधी, भरलेली, नवरीची, हातामागे किती ते लिही, आणि खाली लिही की तारीख अ‍ॅडव्हान्स आल्यावरच पक्की होईल. ज्यांना खरंच फुकट द्यायची त्यांची नावं स्वतःशी ठरव, तीन-चार बास. बाकी कोणी रुसलं तर रुसू दे. एक मात्र सांभाळ, तासाभरात काळीभोर रंगते म्हणून जे कोन मिळतात ते अजिबात वापरू नको, त्यात पीपीडी नावाचं केमिकल असू शकतं, कातडीला फोड येतात, आणि नवरीच्या हाताला फोड आले तर तुझं नाव मेहरुणपासून पिंप्राळ्यापर्यंत होईल. मेंदी पावडर आणून कोन घरीच भर, स्वस्त पण पडतात.

प्रश्न : आम्ही अमळनेरचे. सासूबाई ६८ वर्षांच्या, गोधड्या फार सुंदर शिवतात. नणंदेने पुण्याला एक फोटो टाकला तर ३० ऑर्डरी आल्या. घरात सगळ्यांचं म्हणणं की धंदा सुरू करू. सासूबाई काही बोलत नाहीत, पण हल्ली डोळे दुखतात म्हणतात.

उत्तर : वहिनी, त्या बोलल्यात की, डोळे दुखतात म्हणाल्या. अजून कसं सांगायचं त्यांनी?

डबलबेडची गोधडी म्हणजे जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, आधी मोठे टाके घालून धरायचे, मग कडेकडेने आत बोटभर अंतरावर धावदोरा घालत यायचं, वाकून. एका माणसाचे कितीतरी दिवस जातात. ३० ऑर्डरी म्हणजे त्यांचं पूर्ण वर्ष गेलं आणि सोबत मान-पाठ पण. प्रत्येक छंदाचा धंदा झालाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? आवडीने करत होत्या तोवर दोन दिवस सुई नाही उचलली तरी कोणी विचारत नव्हतं, आता पुण्याहून रोज फोन येईल की आमची कुठवर आली.

त्यांना एकटीला बसवून विचारा, सगळ्यांसमोर नको. नको म्हणाल्या तर विषय संपला, नणंदेने त्या ३० जणांना सॉरी म्हणायचं. हो म्हणाल्या तर वर्षाला चार-पाचच घ्या, आणि भाव लावताना बाजारातल्या मशीनच्या गोधडीकडे बघूच नका, वर बिबड्यांच्या ताईंना सांगितला तोच हिशोब धरा, दिवसाची मजुरी गुणिले दिवस. आकडा मोठा येईल, येऊ द्या. ३० पैकी २५ जण तो ऐकून गप्प होतील, ते बरंच आहे. गल्लीतल्या दोघी-तिघी शिकायला तयार असतील तर मोठे टाके, कडा त्यांच्याकडे द्या आणि त्यांना नगावर पैसे द्या, सासूबाई फक्त रंग जुळवतील आणि मधलं काम बघतील. माप, रंग, फोन, पार्सल हे सगळं नणंदेने करायचं, फोटो तिनेच टाकलाय ना. आणि पैसे जमा होणार ते सासूबाईंच्या खात्यात, घरखर्चाच्या नाही.