ड्रॅगन मारण्याआधी खड्डा खणा

तुमच्या ड्रॅगनच्या शिकारीच्या कथेची पहिली तीन प्रकरणं वाचली. तलवार झळकते, ड्रॅगन आग ओकतो, नायक त्याच्या मानेवर उडी मारतो. वेग छान आहे, पण शिकार कुठाय? ही झाली मारामारी. शिकार म्हणजे माग काढणं, वाऱ्याची दिशा बघणं, तासन्‌तास दबा धरून बसणं.

आइसलँडमध्ये १३व्या शतकात लिहिलेली व्होल्सुंग घराण्याची गाथा मिळवून वाचाच. त्यातला ड्रॅगन फाफनीर रोज ज्या वाटेनं पाण्यावर जातो, तिथे नायक सिगुर्ड खड्डा खणून बसतो आणि तो वरून सरपटत जाताना खालून तलवार खुपसतो. त्याआधी एक दाढीवाला म्हातारा (हा खरा ओडिन, नॉर्स पुराणकथांतला मुख्य देव) त्याला बजावतो, एकाच खड्ड्यानं भागायचं नाही, रक्त वाहून जायला आणखी खण. हा एक बारकावा तुमच्या तीन पानांच्या आगीला भारी आहे!

तुमचा ड्रॅगन खातो काय, झोपतो कुठे, हे आधी वहीत लिहा. कल्पना अडली तर इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन हा खराखुरा सरडा बघा: सुमारे ३ मीटर लांब, दुभंगलेली जीभ बाहेर काढून वास घेणारा. आपली घोरपड त्याच्याच वंशातली, त्यामुळे चाल अभ्यासायला इंडोनेशिया गाठायची गरज नाही.

नावांचं नंतर बघू. ‘झ्राक्थॉर’ मात्र बदला, मला दोनदा ठसका लागला. चौथं प्रकरण खड्ड्यातून सुरू करून पाठवा.