घरचा काढा कडू का होतो, आणि सर्दी, खोकला, घसादुखीत घरात कुणाला काय द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात सगळ्यांना आळीपाळीने सर्दी-खोकला चालू आहे. सासूबाई काढा करायच्या, पण प्रमाण कुणी लिहून ठेवलं नाही. तुम्ही केलेला काढा कडूजहर होतो आणि प्यायल्यावर छातीत जळजळतं. घरात बीपी असलेले सासरे, पाच वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचं बाळ आहे, तर कुणाला काय आणि किती द्यावं?

आधी बाळाबद्दल लिहिते, कारण नेमकं तिथेच चांगल्या हेतूने चुका होतात. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. चाटणातून नाही, घुटीतून नाही, गरम पाण्यात मिसळूनही नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती वाढत नाहीत, तान्ह्यांच्या आतड्यात वाढतात आणि बाळ लुळं पडू शकतं. घरच्या गॅसवर मध तापवून ती मरत नाहीत. दुसरं, नाकात तेलाचे थेंब नकोत, तेल श्वासातून फुफ्फुसात उतरतं. तिसरं, ओवा-वावडिंग-लसणीच्या सालींची धुरी नको. बाळंतिणीच्या खोलीत शेक-धुरी करायची आपली जुनी पद्धत आहे, त्यातला शेक ठेवा आणि धूर सोडा. सुजलेल्या श्वासनलिकेला धूर धुरासारखाच लागतो, मग तो कशाचाही असो. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणंही टाळा. बाळाने कापूर तोंडात घातला तर अगदी थोड्या कापरानेही झटके येऊ शकतात.

मग बाळाला द्यायचं काय? अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा, थोडं थोडं. दूध पाजण्याआधी औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन. नाक मोकळं असेल तरच बाळ नीट ओढून पितं. वरचं खाणं सुरू असेल तर मुगाचं कोमट कढण. एवढंच. खोकल्याची बाजारातली औषधं या वयात स्वतःहून देऊच नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश भारतात 2023 सालीच निघाले आहेत.

आता काढा. तो बिघडण्याचं मुख्य कारण म्हणजे सगळं एकदम पातेल्यात टाकून धो धो उकळणं. आयुर्वेदात क्वाथ आणि फांट असे दोन वेगळे प्रकार आहेत. मुळं, साली, दाणे टणक असतात, त्यांचा अर्क उकळूनच उतरतो, तो क्वाथ. पानं नाजूक, त्यांचा गुण सुगंधी तेलात, आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणून पानं उकळायची नाहीत, गरम पाण्यात झाकून मुरवायची, तो फांट. तुळस आणि गवती चहा पंधरा मिनिटं उकळले की वास खोलीभर पसरतो आणि पातेल्यात उरतो तो तुरट-कडवटपणा.

तिघांच्या एका वेळेसाठी चहाचे तीन कप, म्हणजे साधारण 450 मिली पाणी घ्या. त्यात एक चमचा धणे, अर्धा चमचा जिरे, चार काळी मिरी, दोन लवंगा, बोटाच्या एका पेराएवढी दालचिनी आणि तेवढंच आलं. चमचा म्हणजे चहाचा, सपाट. मसाला खलबत्त्यात भरड कुटायचा, मिक्सरमध्ये पूड करायची नाही. पूड गाळणीतून खाली उतरते, काढा गढूळ होतो आणि दुखऱ्या घशाला तिचे कण टोचतात. झाकण न ठेवता मंद आचेवर निम्मं पाणी उरेपर्यंत उकळा, बारा-पंधरा मिनिटं लागतात. गॅस बंद केला की तुळशीची आठ-दहा पानं हाताने चुरडून घाला आणि गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून घाला. गाठ मारली की काढताना एका हिसक्यात निघतात आणि धारदार तुकडे गाळणीत अडकत नाहीत. लगेच घट्ट झाकण ठेवा, सात-आठ मिनिटांनी गाळा. उकळताना झाकण नको आणि मुरताना हवंच, हा क्रम उलटा झाला की काढा पांचट होतो. गोडीला गूळ. मध घालायचा तर कप हातात सहज धरता येईल इतका कोमट झाल्यावर.

जळजळ होते ती बहुतेक मिरी-लवंग-सुंठ सढळ हाताने पडल्याने आणि रिकाम्या पोटी प्यायल्याने. धणे-जिरे हे भरतीसाठी नाहीत, तिखटपणा आवरायला ते लागतातच. खाऊन झाल्यावर अर्धा तासाने, प्रत्येकी अर्धा कप, दिवसातून दोनदा, फार तर चार-पाच दिवस. 2020 साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने क्वाथाचं जे प्रमाण दिलं होतं त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एकच भाग होती. त्याची मात्रा तीन ग्रॅम पूड 150 मिली उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा-दोनदा, इतकीच होती. बऱ्याच घरांत मिरी-सुंठ दुप्पट-तिप्पट पडली, लोक चार-चार पेले प्यायले आणि मग पित्ताच्या तक्रारी आल्या. दालचिनीबद्दल आणखी एक: किराणा दुकानात मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅसिया या जातीची असते. तिच्यात कूमरिन जास्त असतं, ते रोज महिनोन्‌महिने घेतलं तर यकृताला बरं नाही. चार दिवसांच्या काढ्याने काही होत नाही, पण बारमाही सवय लावू नका.

काढा नाक वाहतं, अंग मोडून येतं तेव्हा बरा. पण कोरडा ढासदार खोकला असेल तर तो तिखट काढा घसा आणखी कोरडा करतो, आणि नेमका तेव्हाच लोक तो जास्त पितात. कोरड्या खोकल्याला स्निग्ध आणि गोड लागतं. तिथे माझा कौल मधाला. झोपण्याआधी अर्धा तास, मुलीला अर्धा चमचा, मोठ्यांना दोन चमचे, नुसता. पाण्यात विरघळवलात तर घशावर थर बसत नाही. मुलीने नंतर दात घासायला हवेत, इतकंच. लहान मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर मधाने आराम पडतो हे घरगुती उपायांत सगळ्यात नीट तपासलं गेलं आहे. ब्रिटनमधल्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शनातही 2019 पासून वर्षावरच्या मुलांना आणि मोठ्यांना आधी मध सुचवला जातो.

दिवसा खडीसाखर किंवा बेहड्याची साल तोंडात धरून चघळावी. लवंग कच्ची चावू नका, तव्यावर फुगेपर्यंत भाजून एकच गालात धरा. तिच्यातल्या युजेनॉलने घसा जरा बधिर होतो आणि ढास थांबते. मुलीला यातलं काहीच नको, खोकताना घशात अडकेल. ज्येष्ठमधाची काडी घशाला खरोखर मऊ करते, पण सासऱ्यांना ती देऊ नका. ज्येष्ठमधाने अंगात पाणी-मीठ साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतं. वरच्या काढ्यात मी ते मुद्दाम घातलेलं नाही. बाकीच्यांनी चिमूटभर घालायला हरकत नाही. सासऱ्यांचा खोकला कोरडा आणि सर्दीशिवायचा असेल तर त्यांच्या बीपीच्या गोळीचं नाव बघा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्यांनी असा खोकला येतो आणि तो कुठल्याही काढ्याने जात नाही. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. नाक मोकळं करणाऱ्या दुकानातल्या गोळ्यांनीही बीपी वाढतं, त्याही त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

चिकट कफाच्या खोकल्याला अडुळसा. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच बेतलेलं आहे, म्हणजे आजीचं निरीक्षण पक्कं होतं. अडचण अशी की पानं कच्ची वाटून रस निघत नाही, चोथाच हातात येतो. म्हणून जुन्या पद्धतीत पानं गुंडाळून निखाऱ्यात भाजायचे, त्याला पुटपाक म्हणतात. घरी दहा-बारा पूर्ण वाढलेली पानं धुऊन इडलीपात्रात दहा मिनिटं वाफवा, गरम असतानाच ठेचा आणि स्वच्छ फडक्यातून पिळा. दोन चमचे रस, एक चमचा मध, दिवसातून दोनदा, मोठ्या माणसाला. रस कडू असतो, तो तसाच असायला हवा. गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. अंगावर पाजणाऱ्या आईनेही तो वैद्यांना विचारूनच घ्यावा.

हळदीच्या दुधात हळद वरून भुरभुरू नका, कच्चट लागते आणि तळाशी बसते. पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड आणि पाव चमचा तूप घालून एक कप दूध तीन मिनिटं उकळा. हळदीतला मुख्य घटक पाण्यात विरघळत नाही, त्याला स्निग्ध लागतं. मुलीला अर्धा कप, दोन चिमटी हळद. दुधाने कफ वाढतो हे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात दूध लाळेत मिसळून घशात दाटसर थर जाणवतो, कफ त्याने तयार होत नाही. जेवत नसलेल्या मुलीचं दूध यापायी बंद करू नका.

घसा दुखत असेल तर गुळण्यांइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं नाही. एका पेल्याला, म्हणजे 250 मिली कोमट पाण्याला, अर्धा चमचा मीठ. याहून खारट केलं तर घसा कोरडा पडून जास्त चुरचुरतो. मान मागे टाकून प्रत्येक घोट वीस-तीस सेकंद, दिवसातून चार वेळा. मुलगी साध्या पाण्याची गुळणी न गिळता थुंकू शकली तरच तिला हे द्या.

वाफाऱ्याने चोंदलेलं नाक तेवढ्यापुरतं सुटतं, आजार लवकर बरा होत नाही. मोठ्यांनी गॅस बंद करून, भांडं टेबलावर मध्यभागी ठेवून, हातभर अंतरावरून पाच-सात मिनिटं घ्यावा. मुलीला पातेल्यावर वाकवू नका. वाफेपेक्षा पातेलं कलंडून मुलं भाजतात. तिच्यासाठी दोन मोठे चमचे ओवा मंद भाजून मलमलीच्या फडक्यात पुरचुंडी बांधा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि मग कपड्यावरून छाती-पाठ शेका.

खोकल्यावरचं सितोपलादी चूर्ण घरी करायच्या फंदात पडू नका. खडीसाखर सोळा, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक, असं ते प्रमाण आहे. पण खरं वंशलोचन (बांबूच्या पेरांत साठणारा पांढरा पदार्थ) ओळखणं कठीण, बाजारात बनावट फार. विश्वासाच्या दुकानातून तयार घ्या. निम्म्याहून जास्त साखर असते, तेव्हा मधुमेह असलेल्यांना नको.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते, खोकला मागे रेंगाळतो. थांबायचं नाही ते असं: बाळ मिनिटाला पन्नास किंवा जास्त, मुलगी चाळीस किंवा जास्त श्वास घेत असेल (शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा), श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ पीत नसेल, तर तिथून थेट दवाखाना, रात्र असली तरी. मुलीला खोकला-सर्दी नाही पण घसा फार दुखतो, ताप जास्त आणि मानेच्या गाठी सुजल्या असतील तर तो घशाचा जिवाणूंमुळे झालेला संसर्ग असू शकतो. त्याला डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करावा लागतो. तो अर्धवट राहिला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांवर परिणाम होऊ शकतो. आणि घरात कुणाचाही खोकला दोन आठवडे टिकला, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर काढा बाजूला ठेवून जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी आणि उपचार तिथे मोफत होतात.