आईच्या श्वासनलिकेत स्टेंट बसवायचा, त्यासाठी एक एकर विकावी का?

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातले. आई ६२ वर्षांची. गेल्या वर्षी व्हेंटिलेटरवर होती, त्यानंतर तिची श्वासनलिका आवळली. फुग्याने दोनदा रुंद केली, पण पुन्हा तेच. आता डॉक्टर स्टेंट (श्वासनलिका उघडी ठेवायला आत बसवायची नळी) सुचवतात; अंदाज १ लाख ८० हजारांचा. विमा नाही. आईच्या एकटीच्या नावावर ३ लाखांची ठेव आहे, घरात ४ तोळे सोनं. एक एकराला रोखीचं गिऱ्हाईक आलंय. मी नोकरदार आहे. काय करू?

उत्तर : जमीन विकू नका. अडलेल्या माणसाच्या जमिनीला भाव पाडूनच मागतात, आणि या आजारात पैसा एकदम नाही, थोडाथोडा पण पुन्हापुन्हा लागतो.

आधी डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. आवळलेला भाग आखूड असेल आणि आईची तब्येत झेपणारी असेल, तर तेवढा तुकडा कापून नलिका जोडण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते का? ती एकदाच महाग पडते, पण कायमची सुटका होण्याची शक्यता तिच्यातच जास्त. दुसरं, स्टेंट सिलिकॉनचा की धातूचा? कर्करोग नसलेल्या रुग्णात धातूचा स्टेंट शक्यतो टाळावा, दुसरा उपाय उरला नसेल तरच वापरावा, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २००५ साली दिला आहे. धातूच्या स्टेंटच्या जाळीतून मांस वाढतं, मग तो काढताना नलिकेला इजा होते, रक्तस्राव होतो. सिलिकॉनचा काढता येतो, पण तो बसवायला ताठ दुर्बीण आणि पूर्ण भूल लागते. म्हणून अंदाजपत्रकात स्टेंटची किंमत, भूल, आयसीयू आणि पुढच्या दुर्बीण तपासण्या धरल्यात का, ते लेखी घ्या.

स्टेंट बसल्यावर खर्च थांबत नाही. तो खोकल्याने सरकतो, त्यात कफ सुकून अडकतो, टोकाशी मांस वाढतं. कफ पातळ राहावा म्हणून रोज सलाईनची वाफ घ्यावी लागते. ही वाफ देणारा नेब्युलायझर विजेवर चालतो, तेव्हा गावातलं भारनियमन धरून इन्व्हर्टरचे पैसे आत्ताच बाजूला काढा. अचानक धाप लागली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर त्याच घडीला गाडी काढावी लागेल. त्यासाठी २० हजार घरात हाताशी असू द्या.

भरती होण्यापूर्वी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (योजनेतल्या रुग्णालयातला मदतनीस) भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. मात्र ही प्रक्रिया आणि स्टेंटची किंमत दोन्ही पॅकेजमध्ये बसतात का, हे खात्रीने विचारा. मंजुरी उपचाराआधीच हवी. आधी पैसे भरून नंतर बिल मागण्यावर भिस्त ठेवू नका.

उरलेल्या रकमेसाठी ठेव मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून लागेल तेवढी उचल) घ्या. बँका साधारण ठेवीच्या दरापेक्षा १ ते २ टक्के जास्त व्याज लावतात, तेही उचललेल्या रकमेवरच. १ लाख ८० हजार वर्षभर वापरले, तर ठेवीचं व्याज वजा जाता भार १,८०० ते ३,६०० रुपयांचा. ठेव आईच्या एकटीच्या नावावर आहे, तेव्हा सह्या भरतीच्या आधी करून घ्या, नॉमिनीचं नावही तपासा. सोनं पुन्हा उपचार लागले तर त्यासाठी राखा.

बिलं यूपीआय किंवा चेकने भरा. आईचा विमा नसल्याने, तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर तिच्या उपचारावर तुम्ही केलेल्या खर्चाची ५० हजारांपर्यंत वजावट आयकरात मिळते. रोख भरलेलं त्यात धरत नाहीत.