वाचकांचे प्रश्न : कंपनीशी लढताना हात नेमका कुठे घालायचा?

बड्या उद्योगसमूहांविरुद्ध सामान्य माणसांनी दिलेल्या लढ्यांवर मागील अंकात लेख प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : २००८ मध्ये आमच्या भागात सेझविरोधात (विशेष आर्थिक क्षेत्राच्या विरोधात) मतदान झाले. माझ्या वडिलांनी त्यात मत दिले होते. आज गावातील मुले विचारतात, की शासनाने निकाल जाहीरच केला नाही, तर त्या मतदानाने साधले काय? त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, पेण तालुका

मुलांची शंका रास्त आहे, पण निकालाचा कागद हाच त्या मतदानाचा एकमेव हिशेब, असे मानण्याची गरज नाही. उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनीवर महामुंबई सेझ उभे करण्याचा रिलायन्स समूहाचा बेत होता आणि त्यासाठी संपादनाच्या नोटिसा शासन बजावत होते. म्हणजे प्रकल्प खासगी, पण जमीन घेणारा हात सरकारी. आंदोलनाने हाच सांधा ओळखला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे मुरलेले नेते, उल्का महाजन यांच्यासारख्या गावोगावी बैठका घेणाऱ्या कार्यकर्त्या आणि सातबाऱ्याचे उतारे पिशवीत घालून हिंडणारे शेतकरी यांनी कंपनीच्या दारात जितक्या घोषणा दिल्या, त्याहून जास्त हेलपाटे प्रांत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात घातले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील जमीन ओलिताची म्हणून ठरलेली असताना ती कारखानदारीसाठी कशी देता, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. धरण बांधायचे शेतीच्या नावाने आणि कालव्याचे पाणी शिवारात पोहोचण्याआधीच शिवार विकायला काढायचे, हा व्यवहार कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

या दबावामुळे २१ सप्टेंबर २००८ रोजी लाभक्षेत्रातील २२ गावांत खुद्द जिल्हा प्रशासनाला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. खासगी प्रकल्पासाठी जमीन द्यायची की नाही, हे ज्याची जमीन त्यालाच विचारण्याची वेळ सरकारवर आली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात संमतीला जागाच नव्हती. होती ती फक्त हरकत नोंदवण्याची मुभा, आणि हरकत फेटाळणारा अधिकारीही सरकारचाच. मात्र त्याच कायद्याच्या कलम ११-अ मध्ये एक मुदत दडलेली होती. कलम ६ ची, म्हणजे जमीन घेणार असल्याची, घोषणा प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मोबदल्याचा निवाडा झाला नाही, तर सगळी संपादन प्रक्रियाच रद्द होते. मोर्चे, हरकती, सुनावण्या आणि मतदान यांत ती मुदत निघून गेली आणि प्रकल्प बारगळला. निकाल दडपता आला, पण दिनदर्शिका थांबवता आली नाही.

पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती बंधनकारक झाली. ते केवळ पेणच्या मतदानामुळे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; पश्चिम बंगालमधील सिंगूर आणि नंदीग्राम येथील आंदोलनांचा त्यात मोठा वाटा आहे. पण खासगी प्रकल्पासाठी शेतकऱ्याला विचारता येते आणि विचारावे लागते, हे त्या २२ गावांत आधीच घडून गेले होते.

दोन गोष्टी मात्र मुलांपासून लपवू नयेत. पहिली अशी, की मत जमीनधारकांचे घेतले गेले. खाडीवर पोट असलेले कोळी, दुसऱ्याच्या शेतात राबणारे मजूर आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायका या मोजणीबाहेर राहिल्या, आणि ही उणीव आंदोलनांनी आजही पुरती भरून काढलेली नाही. दुसरी अशी, की संमतीच्या कलमाला वळसा घालण्याची वाट खुली आहे. महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६१ च्या कायद्याखाली जमीन घेतली, तर ८० टक्क्यांची अट आड येत नाही. कोकणातील नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना याच कायद्याखाली निघाली होती. ती २०१९ मध्ये मागे घेतली गेली, पण २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर (कातळपठारावर) माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्त लागला आणि बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. कोणत्या कायद्याखाली नोटीस आली आहे, हे आधी वाचा, असे आम्ही म्हणूनच वारंवार लिहितो.

प्रश्न : माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचे. घरात अजूनही वाद होतो, की दत्ता सामंतांच्या हट्टामुळे गिरण्या बुडाल्या. आपले मत काय?
— एक वाचक, संगमेश्वर

आमचे मत स्पष्ट आहे : हट्ट होता, पण गिरण्या त्या हट्टामुळे बुडाल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ हवीच होती, बदली, म्हणजे गैरहजरांच्या जागी घेतल्या जाणाऱ्या, कामगारांना कायम करा ही मागणीही होती. पण खरी गाठ मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात होती. १९४६ च्या या कायद्यानुसार एखाद्या संघटनेला उद्योगातील प्रातिनिधिक संघटना म्हणून मान्यता मिळाली, की वाटाघाटींचा मक्ता तिचाच. गिरण्यांत ही मान्यता इंटक या काँग्रेसप्रणीत कामगार महासंघाशी संलग्न असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. त्यामुळे फाटकावर कामगार सामंतांच्या मागे आणि करारावर सही करण्याचा अधिकार भलत्याच संघटनेकडे, असा विलक्षण प्रकार झाला. मालकांना बोलणीच करायची नव्हती आणि या कायद्याने त्यांना तशी सोय करून दिली होती. केंद्र सरकारही नमले नाही, कारण येथे सामंत जिंकले तर उद्या बंदरात आणि इतर उद्योगांतही त्यांचेच राज्य येईल, अशी धास्ती होती.

सामंतांवर टीका करायची तर ती येथे करावी : ज्या कायद्याने त्यांचे हात बांधले होते, तो बदलवून घेण्यासाठी लागणारी राजकीय ताकद उभी न करता त्यांनी सगळा भार कामगारांच्या उपाशी राहण्याच्या ताकदीवर टाकला. माघारीची वाट त्यांनी ठेवली नाही आणि संप कधी रीतसर मागे घेतलाही गेला नाही. कामगारांच्या चिवटपणाविषयी मात्र कोणी बोट दाखवू नये. गिरणगावात संप कसा तगतो, हे खाणावळी चालवणाऱ्या बायकांना विचारावे. १९७४ च्या संपात पैसे थकले, तरी त्यांनी गिऱ्हाइकांची ताटे बंद केली नाहीत, आणि त्याच अनुभवातून प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

गिरण्यांचे म्हणाल, तर मालकांचे लक्ष संपाआधीच सुताकडून जमिनीकडे वळू लागले होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ नुसार गिरणीची जमीन विकायची, तर तिचे तीन वाटे व्हायचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये हा नियम असा बदलला, की वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जागेचीच होणार. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. आज म्हाडाच्या सोडतीत कामगारांच्या वारसांना जी घरे मिळतात, ती संपाने नव्हे, तर संपानंतर कित्येक वर्षे कागदपत्रे सांभाळून भांडणाऱ्या गिरणी कामगार संघटनांनी मिळवून दिली आहेत. आजोबांचे गिरणीचे ओळखपत्र, हजेरी कार्ड किंवा भविष्यनिर्वाह निधीचा कागद घरात असेल, तर तो वादापेक्षा अधिक मोलाचा आहे.

प्रश्न : मी पुण्यात जेवण पोहोचवण्याचे काम करतो. कंपनी आम्हाला कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. एखाद्या दिवशी आयडी ब्लॉक होतो आणि कारण कोणी सांगत नाही. आम्ही संघटना काढू शकतो का?
— एक वाचक, पुणे

संघटना जरूर काढावी. एकत्र येण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिला आहे. नोंदणीला किमान सात जण लागतात. ‘कामगार’ या व्याख्येवरून निबंधक अडवण्याची शक्यता आहे, म्हणून अर्ज अनुभवी कामगार वकिलाकडून तपासून घ्यावा. पण नोंदणी हा पुढचा प्रश्न; आधी मालक कोण, हा गुंता सोडवावा लागतो, आणि तो महाराष्ट्राने एकदा सोडवलेला आहे.

बाजारातील हमालालाही एक मालक नव्हता. सकाळी एका पेढीचे पोते, दुपारी दुसऱ्या, आणि अपघात झाला की सगळे हात वर करायचे. अण्णासाहेब पाटील आणि मुंबईच्या गोदी-बाजारांतील माथाडी यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने मालक शोधण्याचा खटाटोपच सोडून दिला. मंडळ स्थापन झाले, व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरची लेव्ही (ठरावीक आकार) मंडळात भरायची, मंडळाने पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस यांची व्यवस्था पाहायची. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे आपल्यासारख्या ॲपवर काम करणाऱ्यांसाठी, केलेल्या कायद्याची ठेवण बरीचशी अशीच आहे : मंडळ, कामगारांची नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर कंपनीकडून घेतले जाणारे शुल्क. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काम बंद करता येणार नाही, अशी तरतूद आहे. आपल्या आयडीच्या तक्रारीला नेमके हेच उत्तर आहे.

माथाडी कायद्याच्या महाराष्ट्राला याबाबत राजस्थान आणि कर्नाटकाकडे पाहावे लागते, हे आम्हाला खटकते. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची व्याख्या आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत देण्याची तरतूदही आहे. पण त्यात किमान मजुरी नाही आणि ब्लॉक झालेल्या आयडीला दाद मागायची जागाही नाही. महाराष्ट्रात तसा कायदा होईतोवर रोजच्या ऑर्डर, कपात आणि ब्लॉकचे संदेश यांचे स्क्रीनशॉट तारखेनिशी जपून ठेवा. ॲपवरून नोंदी नाहीशा होतात आणि मग आपला शब्द एकटा पडतो.

प्रश्न : मी तालुक्याचा वार्ताहर आहे. कारखान्याच्या सांडपाण्याची बातमी दिली, की ती छापून येत नाही, कारण वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिरात तिथूनच येते. मला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन आहे. अशा वेळी काय करावे?
— एक वाचक, मराठवाडा

कमिशनवर जगणाऱ्या वार्ताहराने जाहिरातदाराविरुद्ध लिहावे, ही अपेक्षाच मुळी अन्यायाची आहे. दोष आपल्या धैर्याचा नसून त्या व्यवस्थेचा आहे. पत्रकारांसाठी मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या आणि कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू होतात, असे २०१७ मध्ये स्पष्ट केले. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय नाही, तो मात्र या संरक्षणाबाहेर राहतो, आणि ग्रामीण वार्ताहरांना नेमके तसेच दाखवले जाते.

बातमीपुरते सांगायचे, तर ती आधी कागदावर आणा. सांडपाण्याची लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात गावकऱ्यांच्या सहीने जाऊ द्या, पोच घ्या, आणि मंडळाने घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. सरकारी अहवालातील आकडा छापणे संपादकालाही सोपे जाते, आणि त्याने तरीही नकार दिला, तर तोच कागद दुसऱ्या वृत्तपत्राच्या हाती देता येतो. अर्ज आपल्या नावाने न करता गावातील दोघातिघांनी वेगवेगळा करावा.