हंगामपूर्व सरावात मांडीचा मागचा स्नायू दुखावू नये म्हणून काय करावे?

मागील वर्षी पावसाळ्यातील विश्रांतीनंतर आपल्या पेठेच्या फुटबॉल संघाचा सराव सुरू झाला आणि पहिल्या दोन आठवड्यांतच तिघांच्या मांडीची मागची शीर धरली, असे आपण लिहिले आहे. कोल्हापुरात अनेक वर्षे मुलांना फुटबॉल शिकवताना मी हेच वारंवार पाहिले आहे.

‘शीर धरली’ असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती हॅमस्ट्रिंग स्नायूच्या तंतूंना झालेली इजा असते. वेगाने धावताना पुढे झेपावणारा पाय जमिनीला टेकण्यापूर्वी हा स्नायू स्वतः ताणला जात असतानाच पायाला लगाम घालतो, आणि दोन-तीन महिने ही सवय सुटलेल्या स्नायूला पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने पळवले की तो दगा देतो. म्हणून पहिल्या आठवड्यात वेग मोजून-मापून ठेवावा. मात्र चौथ्या आठवड्यापर्यंत प्रत्येक खेळाडू थोडे अंतर तरी पूर्ण वेगाने धावलेला असावा, नाहीतर पहिला सामनाच त्याची पहिली खरी धाव ठरतो. ही दुसरी चूक मला अधिक घातक वाटते.

दुसरा उपाय नॉर्डिक व्यायामाचा. घडी घातलेल्या सतरंजीवर गुडघे टेकावेत, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरावेत आणि गुडघ्यापासून खांद्यापर्यंत शरीर सरळ ठेवून शक्य तितके सावकाश पुढे झुकावे. तोल सुटला की तळहातांवर शरीर झेलावे आणि हातांनीच रेटून वर यावे. कंबरेत वाकल्यास व्यायाम फुकट जातो. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट पुरेत, कारण दुसऱ्या दिवशी मांडी चांगलीच ठणकते. पुढे हळूहळू वाढवत आठवड्यातून तीन वेळा करावा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात 50 संघांच्या 942 खेळाडूंपैकी हा व्यायाम दहा आठवडे केलेल्या गटात हॅमस्ट्रिंगच्या 15, तर न केलेल्या गटात 52 दुखापती नोंदल्या गेल्या.

सरावापूर्वी एका जागी उभे राहून ताण देत बसण्यापेक्षा हलके धावणे, गुडघे उचलणे, दिशा बदलणे यांत वीस मिनिटे घालवावीत.

मागील वर्षीच्या त्या तिघांना मात्र वेगळे सांभाळा, कारण एकदा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. त्यांचा वेग सर्वांत शेवटी वाढवा, आणि मांडी ओढल्यासारखी वाटते असे कोणी म्हणाले, तर त्या दिवशी त्याला मैदानाबाहेर बसवा.