टुरिस्ट व्हिसावर ऑस्ट्रेलियात जाऊन तिथेच स्टुडंट व्हिसा करता येतो का?

नाही, भाऊ. तुमच्या एजंटाने "आधी फिरायला पाठवा, मग तिथं बदलून घेऊ" असं सांगितलं असेल, तर एक रुपयाही देऊ नका. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने ही वाट बंद केली आहे. व्हिजिटर व्हिसावर असलेल्याला देशात राहून स्टुडंट व्हिसाचा अर्ज करता येत नाही, देशाबाहेर येऊनच करावा लागतो. ब्रिटनमध्येही टुरिस्ट व्हिसा तिथं राहून बदलता येत नाही. अमेरिकेत व्हिसाचा प्रकार बदलून मागायचा आय-५३९ फॉर्म भरता येतो, पण मंजुरी येईपर्यंत बी-२ वर, म्हणजे तिथल्या टुरिस्ट व्हिसावर, वर्गात बसता येत नाही.

हे मी एवढं कळवळून लिहितो, कारण आमच्या दारव्हा तालुक्यातल्या एका घरात हेच झालं. कापसाचे पैसे हाती आले होते, वर तीन एकराचा सातबारा गहाण पडला. पोरगं तीन महिन्यांत परत आलं. एजंटाचा फोन आजही बंद आहे.

आणि फिरायला म्हणून अर्ज करून मनात शिक्षण ठेवलं, हे उघड झालं तर व्हिसा नाकारला जातो. तो नकार पुढच्या अर्जांत सांगावाच लागतो.

सरळ वाट अशी: आधी कॉलेजचा प्रवेश, त्यांचं सीओई, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, आरोग्य विमा, पैशाचे पुरावे, आणि मग इथूनच स्टुडंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज. पोरगं अनुसूचित जातीतलं असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात आधी करा, शेत गहाण टाकायचं नंतर बघा.