सँट्रोला ९०० रुपये लिटरचं ऑइल घालावं का?

काका, रत्नागिरीजवळच्या पावसहून आलेल्या तुमच्या पत्रातला हिशोब आधी मांडतो. २००८ ची पेट्रोल सँट्रो, वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर धावते, हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाते. फिटर म्हणतो, ९०० रुपये लिटरचं फुली सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं ऑइल घाला, इंजिन टिकेल. तुम्ही आजवर ४५० रुपयांचं मिनरल, म्हणजे खनिज तेलापासूनचं साधं ऑइल घालत आलात. पेन्शनमधून हा जादा खर्च करावा का?

माझं मत, करू नये.

सिंथेटिक वाईट नाही. पण त्याचे जादा पैसे मुख्यतः दोन गोष्टींचे. कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होत नाही. पावसला तशी थंडी कधी पडते? दुसरं, ते जास्त किलोमीटर चालतं. तुमचे किलोमीटर भरायच्या आत वर्ष सरतं आणि ऑइल बदलावंच लागतं. वर, जे जळून धुरावाटे जाणार ते महागाचं कशाला?

तुमचा खरा त्रास छोट्या फेऱ्यांचा आहे. घर ते बाजार एवढ्यात इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये दमटपणा आणि पेट्रोल उतरतं. पावसाळ्यात ऑइलचं झाकण काढून आतून बघा. पांढरट-पिवळा चिकट थर दिसला तर ते पाणी. सोबत कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारी इंजिनातली पट्टी, तपासून घ्या.

म्हणून मिनरलच घाला, पण वर्षातून दोनदा बदला. तीन-तीन लिटर दोनदा आणि वरून घालायला दोन लिटर, म्हणजे ३,६०० रुपये. सिंथेटिक एकदाच बदललं तरी टॉप-अप धरून ४,५०० होतात. एक जादा फिल्टर धरला तरी तुम्ही फायद्यात. ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड ते, गाडीच्या पुस्तकात तापमानाप्रमाणे दिलेली असते. त्यात आपल्या हवेसाठी १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असेल तर तीच घ्या. मोटारसायकलचं ऑइल स्वस्त मिळतं म्हणून ओतू नका.

जाड ऑइलने धूर थोडा कमी होईल, झीज भरून येणार नाही. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबरी सील गेलेत, आंबा घाट चढताना येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. सीलचं काम करून घ्यायला हरकत नाही. रिंगांसाठी इंजिन खोलायचं म्हटलं, तर आधी गाडी वर उचलून खालचा पत्रा पाहा. खाऱ्या हवेने तो सडला असेल, तर नव्या रिंगांवर घातलेले पैसे वायाच.

आणखी एक. २०२३ मध्ये पासिंग, म्हणजे आरटीओतलं नोंदणीचं नूतनीकरण, पाच वर्षांसाठी झालं असेल, तर पुढचं २०२८ ला. २० वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी केंद्राने २०२५ मध्ये १०,००० रुपये केली. पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे इंजिनाच्या कामाचा आकडा ऐकाल तेव्हा तो उरलेल्या वर्षांनी भागून बघा, आणि तोवर पोस्टात महिन्याला झेपेल तेवढी आरडी सुरू करा, पुढच्या गाडीच्या नावाने.